तेलकट म्हणजे काय

मी मुळाक्षरं पत्रकांवर शिकले. बाबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि चळवळीची उरलेली पत्रकं घरी आणायचे. सोळाव्या वर्षापासून त्यांतली काही मी लिहिलेली असत. एकाचं पहिलं वाक्य अजून पाठ आहे: ‘मुलगी चालवून बघायला ती काय बाजारातली म्हैस आहे?’

ते छापून पाच वर्षं झाल्यावर, दोन हजार सालानंतर कधीतरी, कागलचं स्थळ आलं. मुलगा शिक्षक होता. तो मला आवडला होता, हे आधीच सांगून टाकते. त्याच्या आईनं निरोप धाडला, “पोरगी हुशार हाय, पर अंगानं लई भरलीया. दोन म्हैन्यांनी पुनवेला परत बघून जातो.”

मी भडकायला हवं होतं. मी आत्याबरोबर डॉक्टरकडे गेले.

त्यांनी वजन, रक्तदाब, रक्त तपासून जेवणाबरोबर घ्यायच्या कॅप्सूल लिहून दिल्या. “जेवणातली बरीच चरबी अंगात जाणार नाही, तशीच बाहेर पडेल. तेलकट बंद,” एवढं बोलून पुढच्या पेशंटला हाक मारली. तेलकट म्हणजे आमच्या लेखी भजी, वडा, पुरी. ते मी त्याच दिवशी सोडलं. रश्श्यावर बोटभर लाल कट तरंगतो, त्याला आमच्याकडे कुणी तेलकट म्हणत नाही. ते जेवण.

चार घरांत एक संडास होता. रविवारच्या मटणानंतर मी खाली बघितलं, तर पाण्यावर केशरी तेल तरंगत होतं, थेट वाटीतल्या कटासारखं. तीन बादल्या ओतल्या तरी भांड्याला चिकटून राहिलं. बाहेरून शेजारच्या काकू ओरडल्या, “आत भजी तळतीयास का गं?”

पुढं वारा सरेल म्हणून सैल सोडावं, तर तेल यायचं. कपडे दोनदा धुतले तरी वास जायचा नाही. आत्या मात्र खूश. “घाण भाईर पडतीया म्हंजे गुण यायलाय की!” वजन तीन किलो उतरलं होतं. काट्यावर उभी राहून मी हसायचे, त्या हसण्याची किळस मला आज त्या तेलापेक्षा जास्त येते.

पुनवेला सकाळी विहारातून वंदना करून पांढऱ्या साडीतच घरी आले. दुपारी पाहुण्यांबरोबर जेवण झालं, आख्खा मसूर आणि वर तर्री. मी कॅप्सूल चुकवली नव्हती. खुर्चीत बसायच्या आधीच पोटात गुरगुरलं. पांढरी साडी! फळीवरच्या गठ्ठ्यातून हाताला लागली ती पत्रकं ओढली, खुर्चीवर पसरली आणि त्यांवर बसले.

“ऊठ की बाळ,” मुलाची आई म्हणाली. “जरा चालून दाव.”

उठले, तर एक पत्रक साडीला चिकटून वर आलं. आत्यानं ते झटकन ओढलं. तेल पिऊन कागद भज्यांच्या पुड्यासारखा आरपार झाला होता. अक्षरं मागूनही दिसत होती. बाबांनी मान फिरवली. खिळे त्यांनीच जुळवले होते.

“काय लिवलंय त्यावर?” बाईंनी विचारलं.

मी पहिलं वाक्य वाचलं.

“कुणी लिवलंय?”

“मी.”

“मग बसलीस कशाला गं?”

मुलगा जमिनीकडं बघत होता. त्या घरात पटण्यासारखं एवढं एकच वाक्य बोललं गेलं होतं, आणि ते त्या बाईंचं होतं. मी चालून दाखवलं नाही. आत जाऊन साडी भिजत घातली.

कागलहून निरोप आला नाही. तो येईल म्हणून मी आठवडाभर वाट बघितली, हेही लिहायलाच हवं. मग डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते हसले. “रस्सा ओरपत होतात? अहो, तेलकट म्हणजे तेच ना!”

“मग तेच म्हणायचं होतं,” मी म्हणाले.

उरलेल्या कॅप्सूल त्यांच्या टेबलावर ठेवून आले. साडीचा डाग निघाला नाही. पुढच्या पुनवेला डाग निऱ्यांत घेऊन तीच नेसले.