कासवाच्या घरी कोण जाणार?

बाईंनी एकतीस वर्षं बालवाडी चालवली आणि त्या एकतीस वर्षांत त्यांच्या एकाही गोष्टीत कुणी मेलं नाही. मरणं सोडाच, कुणाच्या गुडघ्याला खरचटलं तर गोष्ट थांबवून औषध लावलं जायचं. लांडगा यायचा, पण दारात पाय पुसून यायचा. विहिरीत पडलेला जेवणाच्या सुट्टीआधी बाहेर निघायचा. कारण गोष्ट संपली की बाई हजेरीपट उघडून गोष्टीतल्या पात्रांची हजेरी घ्यायच्या. "अस्वल?" असं त्यांनी विचारलं की सगळा वर्ग ओरडायचा, "घरी पोचलं!" "उंदीर?" "घरी पोचला!" शेवटचं पात्र घरी पोचल्याशिवाय डब्याचं झाकण कुणी उघडायचं नाही, असा नियम होता. एकदा एका बदली शिक्षिकेने उत्साहाच्या भरात राक्षसाला दरीत ढकलून दिलं आणि चाळीस पोरं पाऊण तास डबे मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. शेवटी बाईंनी येऊन राक्षसाला दोर टाकला, वर काढला, घरी पोचवला, तेव्हा कुठे लेकरांच्या पोटात घास गेला.

पात्रं बाईंनी स्वतःच घडवलेली होती. पाव भाजणारं अस्वल, शिंपीकाम करणारा उंदीर आणि छत्र्या दुरुस्त करत गावोगाव फिरणारं कासव. कासव सगळ्यांत हळू, त्यामुळे हजेरीत त्याचं नाव नेहमी शेवटी. अर्ध्या गावाने लहानपणी भुकेल्या पोटी त्या कासवाची वाट पाहिलेली आहे.

अशा बाईंच्या पोटी चिरंजीव जन्माला आले. एकुलते एक. वय वर्षं चौतीस, विमा कचेरीत कायमची नोकरी, टेबल खिडकीजवळ. असा माणूस सुखाने जगला असता. पण सुख टोचायला लागलं की त्याला कोण काय करणार? चिरंजीवांनी सहा महिन्यांची बिनपगारी रजा टाकली आणि दोन मित्रांना घेऊन मागच्या खोलीत खेळ तयार करायला बसले. हा खेळ म्हणजे टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं, एकाने गोष्ट सांगत खेळ चालवायचा आणि पुढे काय होणार ते वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. फाशावर एक पडला की पात्र मेलं. अपील नाही. आणि ही सगळी गोष्ट काळीकुट्ट. सूर्य विझलेला, नद्यांना रक्त, झाडांना दात.

पात्रं मात्र चिरंजीवांना सुचेनात. मग काखेतला कळसा सापडला आणि त्यांनी आईचीच पात्रं उचलली. पाववाल्या अस्वलाचा झाला रक्तभट्टीचा राजा. शिंपी उंदीर प्रेतं शिवायला लागला. आणि कासवाच्या पाठीवर आलं थडगं, हातात हाडांची छत्री. दोनशे दहा पानांचं नियमपुस्तक तयार झालं.

ते पुस्तक एक दिवस बाईंच्या हाती लागलं. चिरंजीव दाराआड श्वास रोखून उभे होते. आता आई रडेल, किंवा लाटणं घेऊन येईल, असं त्यांना वाटलं होतं. पण बाई शिक्षिका. त्यांनी चष्मा लावला, लाल पेन घेतलं आणि चार दिवसांत पुस्तक तपासून परत दिलं. हाडांच्या छत्रीसमोर लिहिलं होतं, "गळेल. वर कापड हवं." रक्तभट्टीसमोर, "पेटवतो कोण? राख कुठे टाकतात?" प्रेतं शिवणाऱ्या उंदरासमोर, "दोरा दुहेरी घ्यावा." आणि शेवटच्या पानावर, दोनदा अधोरेखित, "यांची घरं कुठे आहेत?"

"आई, यांना घरं नसतात," चिरंजीव वैतागून म्हणाले. "हे शापित आहेत."

"शापित असले म्हणून काय झालं? झोपतात कुठे?"

चिरंजीवांनी विषय सोडून दिला. पालथ्या घड्यावर पाणी कोण ओतणार?

रजा संपायला पंधरा दिवस उरले तेव्हा एका मोठ्या खेळ कंपनीचे साहेब रविवारी दुपारी येऊन एक डाव खेळतो म्हणाले. आवडला तर कंपनी खेळ छापणार. नाही आवडला तर चिरंजीव रजा संपल्यावरच्या सोमवारी खिडकीजवळच्या टेबलावर, आणि तेही जन्मभर, कारण दुसऱ्यांदा रजा मागायची सोय नव्हती. चिरंजीवांनी आठवडाभर पिशाच्चांचे आवाज काढून तयारी केली. इतकी केली की शनिवारी घसा बसला. डॉक्टरांनी तीन दिवस तोंडातून अक्षर काढायचं नाही असं बजावलं. घरात बालवाडीतल्या जुन्या पाट्या पडून होत्या. त्यांतली एक गळ्यात अडकवून चिरंजीव मुक्याने फिरू लागले.

आता खेळ चालवणार कोण? मित्र दोन. एक दाढीवाला, एक शेंडीवाला. दोघेही बाईंचेच माजी विद्यार्थी. आणि दोघांनीही नियमपुस्तक वाचलेलं नव्हतं. दोनशे दहा पानं अथपासून इतिपर्यंत वाचलेलं माणूस घरात एकच होतं. चिरंजीवांनी पाटीवर लिहिलं, "आई, तू." आणि खाली बारीक अक्षरात, "हात जोडतो."

साहेब ठरल्या वेळेला आले. काळा शर्ट, बोटांत कवट्यांच्या अंगठ्या, चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. बाईंनी त्यांना नखशिखान्त पाहिलं आणि म्हणाल्या, "आधी सगळ्यांनी हात धुऊन या."

साहेब गेले आणि अंगठ्या खिशात ठेवून हात धुऊन आले.

"एक होतं जंगल," बाईंनी सुरुवात केली. दाढीवाल्याने अस्वल घेतलं, शेंडीवाल्याने उंदीर आणि साहेबांनी कासव. बाईंनी नियमपुस्तकाला धरून, एकही ओळ न गाळता खेळ चालवला. सूर मात्र जो होता तोच राहिला. "आता समोरून अंधारसम्राट येतोय. हा लोकांची काळजं काढतो. घाबरायचं नाही, पण लक्ष द्यायचं. शेंडी, खिडकीबाहेर काय आहे?" शेंडीवाला, ज्याचा स्वतःचा मुलगा शाळेत जात होता, तो दचकून सरळ बसला. सम्राटाचे दूत एकदम बोलायला लागले तेव्हा बाईंनी त्यांना रांग करायला लावली. चिरंजीवांनी कपाळाला हात लावला. साहेब वहीत काहीतरी टिपत होते आणि ते बरं की वाईट, कळायला मार्ग नव्हता.

तासाभराने सगळे हाडांच्या पुलापाशी पोचले. साहेबांनी कासवाला पुढे घातलं, फासा टाकला, आणि एक पडला.

"मेलं!" साहेबांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. "आता दाखवा. तुमच्याकडचं मरण कसं असतं तेच बघायला आलोय मी."

चार डोकी फाशावर वाकलेली. एक म्हणजे एकच होता. बाईंच्या वर्गात फासा पुन्हा टाकणाऱ्याला कोपऱ्यात उभं करत, कारण खोटं बोलायचं नाही हाही बाईंचाच नियम. आणि गोष्टीत कुणी मागे राहायचं नाही हाही त्यांचाच. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बाईंनी घोटभर पाणी घेतलं, चष्मा पुसला, पुन्हा घोटभर पाणी घेतलं. चिरंजीवांना सोमवार दिसायला लागला. त्यांनी पाटी वर धरली. "आई, सांग."

"कासव मेलं," बाई म्हणाल्या. आवाज त्यांचा वाटला नाही.

दाढीवाल्याने लगेच कासवाच्या हत्यारांच्या चिठ्ठ्यांकडे हात केला. "बाई, पान एकशे बारा. मेलेल्याची हत्यारं बाकीच्यांनी वाटून घ्यायची."

"घ्या वाटून. पण आधी कासवाच्या घरी कोण जाणार?"

"कशाला?"

"सांगायला."

"त्याचं घर नाहीये ना पुस्तकात!"

"घर सगळ्यांना असतं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी लाल पेनाने नकाशाच्या कोपऱ्यात एक घर काढलं. दोन पायऱ्या, कासवाला चढता येतील एवढ्याच. दार बुटकं. दाराशी वाळत घातलेली एक छत्री.

"मग मी काय करायचं?" साहेबांनी विचारलं. "मी तर मेलोय."

"तुम्ही आता त्याची आई. दाराच्या आत बसा. तुम्हाला अजून काही माहीत नाही."

साहेब खुर्ची थोडी मागे घेऊन दाराच्या आत बसले.

यानंतर जे झालं ते त्या नियमपुस्तकात कुठेच नव्हतं. अंधारसम्राटासमोर छाती काढून उभे राहिलेले दोन वीर त्या घराकडे जायला तयार होईनात. उंदीर म्हणाला, अस्वलाने जावं, ते मोठं आहे. अस्वल म्हणालं, उंदराने जावं, त्याची कासवाच्या आईशी ओळख आहे. शेवटी दोघे निघाले तर वाटेत दाढीवाल्याने उगाच दोन पिशाच्चं उकरून काढली आणि मारली, केवळ उशीर व्हावा म्हणून.

"आता त्यांच्याही घरी जावं लागेल," बाई म्हणाल्या.

त्यानंतर तलवारीला कुणी हात लावला नाही. दोघे मुकाट्याने दारापाशी आले. कडी कुणी वाजवायची यासाठी फासे टाकले. अस्वल हरलं.

"कोण आहे?" साहेब आतून म्हणाले. एरवीच्या मानाने बऱ्याच हळू आवाजात.

"आम्ही... म्हणजे, कासवाचे मित्र."

"या ना. आणि ते कुठाय? मागे राहिलं असेल. हळू चालतं ते पहिल्यापासून."

दाढीवाल्याने शेंडीवाल्याकडे पाहिलं. शेंडीवाल्याने टेबलाकडे पाहिलं. दाढीवाला म्हणाला, "आज फार उकडतंय, नाही? जरा पाणी मिळेल का?"

"पाणी मिळणार नाही," बाई कडाडल्या. सगळेच दचकले. "पाणी पिऊन, हवापाण्याच्या गप्पा मारून परत जाता येणार नाही. माझ्याकडे दोघं आले होते यांच्या कारखान्यातले. पाणी प्यायले, उकाड्याबद्दल बोलले, मुलाला खाऊ दिला आणि गेले. मी त्या संध्याकाळी तिघांचा स्वयंपाक केला. मला रात्री शेजारणीने सांगितलं. तेव्हा आधी सांगायचं. मग पाणी."

बाईंच्या यजमानांना जाऊन एकतीस वर्षं झाली होती, बालवाडी त्याच वर्षी सुरू झाली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ही दोन माणसं आणि ते पाणी मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं, चिरंजीवांनाही.

दाढीवाल्याने हातातली अस्वलाची सोंगटी खाली ठेवली. "आई," तो साहेबांना म्हणाला, "तुमचं कासव गेलं. पुलावर. आम्ही बरोबर होतो, पण आम्हाला काही करता आलं नाही."

साहेब म्हणाले, "आत या. बसा." आणि मग, कवट्यांच्या अंगठ्या खिशातच आहेत हे विसरून, खेळातून उठून आपल्या घरी निघून गेले.

बुधवारी त्यांचं पत्र आलं. कंपनी खेळ छापणार होती. एकच अट, घरी जाऊन सांगण्याचा नियम पहिल्या पानावर हवा. पुढे खेळ निघाला तेव्हा काळ्या शर्टातल्या मंडळींनी तक्रारींचा पाऊस पाडला. खेळात मारायला चारशे प्राणी आहेत पण मारायची हिंमत होत नाही, आमचा गट आठ आठवडे एका दाराबाहेर उभा आहे, वगैरे. तरी खेळ खपला. ती पुढची गोष्ट.

पत्र आलं त्या सकाळी चिरंजीवांचा घसा सुटला होता. बाईंना वाटलं, आता हा नाचेल. पण चिरंजीव पत्र वाचून स्वयंपाकघरात आले आणि ओट्याला टेकून उभे राहिले.

"आई, तुला शेजारच्या काकूंनी सांगितलं," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मला कुणी सांगितलं?"

बाईंचा हात थांबला. तीन वर्षांच्या मुलाला त्यांनी सांगितलं होतं की बाबा कामाला गेलेत. मग म्हणाल्या होत्या, काम लांबलंय. मग मुलाने विचारणं बंद केलं, आणि त्यांना इतकं बरं वाटलं की त्यांनीही विषय काढला नाही. बाबांच्या फोटोला हार कधी घातला गेला आणि का, हे मुलाला आपोआप समजत गेलं, जशी मुलं बुटाची नाडी बांधायला शिकतात.

"कुणीच नाही," बाई म्हणाल्या. "माझी हिंमत झाली नाही रे."

त्यांनी गॅस बंद केला, हात पुसले, मुलाला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः समोर बसल्या.

"बाळा," त्या म्हणाल्या, "तुझे बाबा गेले."

"अंदाज होता मला," चौतीस वर्षांचे चिरंजीव म्हणाले, आणि ढसाढसा रडायला लागले.