कपाटातला बुद्ध

माझ्या शेजारच्या खोलीतली ती चितेगावच्या कंपनीत कामाला जायची. बोलणं मोजकंच. काहीही विचारलं की आधी 'व्हय' म्हणायची आणि मग विचार करायची. भिंतीतल्या कपाटाचा वरचा कप्पा पुसून, त्यावर निळं कापड अंथरून तिनं लहानशी बुद्धमूर्ती ठेवली होती. दारावर टकटक झाली की ती आधी कपाट लावून घ्यायची, मगच दार उघडायची. खोली देताना घरमालकीणबाई भाडेकरूची जात आडून आडून विचारतात, हे मला ठाऊक होतं. मीही त्यांचीच भाडेकरू.

एका सकाळी मी विरजण मागायला तिच्या दारात उभी असताना बाई वर आल्या.

"तुझे देव कुठं मांडलेस गं? दिसत नाहीत," त्यांनी विचारलं.

तिनं कपाट सताड उघडलं.

"इथं हाय आमचा बुद्ध. लई दिवस झाकून ठेवला. आता नाय ठेवणार."

"मग दुसरी खोली बघ," बाई म्हणाल्या आणि जिन्यात जाऊन थांबल्या.

तिनं मूर्तीपुढं मेणबत्ती लावली. मग माझ्याकडं वळली.

"ताई, आत या की."

बाई माझ्याकडंच बघत होत्या. मी चप्पल काढली आणि आत गेले.