भरीत खायला निघालेली गाडी

मी काही लेखक नाही. आमच्या घरातून कॉलेजात पोचलेला मीच पहिला, तेव्हा लिहिण्यात काही उणं राहिलं तर सांभाळून घ्यावं. पण हॉस्टेलच्या खोलीत पाहिलेलं एक बोट मनातून जात नाही.

माझा खोलीमित्र निखिल मोबाइलवरच्या नकाशावर बोट फिरवत होता. "महाबळेश्वर नको, गोवा नको. जिथे कुणी फिरायला जात नाही, तिथे जाऊन खायचं," असं म्हणता म्हणता त्याचं बोट खानदेशात उतरलं आणि माझ्या गावाजवळ थांबलं. "इथे भरीत!"

"मग आमच्या घरीच जा की. आई करेल," मी म्हणालो. आता तो 'तूही चल' म्हणेल, असं वाटलं.

"तुला काय रे, तू तर भरतावरच वाढलास," तो हसला. रविवारी जाणाऱ्या गाडीतले बाकीचे तिघे आधीच ठरले होते.

चव शोधायला निघायचं असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. आमच्याकडे भूक लागली की माणूस घरी जातो. हेवा मला गाडीचा वाटला नाही. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचा वास आमच्या अंगणात त्यांना येणार होता आणि मी मेसच्या रांगेत उभा असणार होतो, त्याचा वाटला.

रविवारी दुपारभर मी फोन जवळ घेऊन बसलो. संध्याकाळी आईचा आला.

"पोरं जेवली रे पोटभर. पन तू काबरं नाही आला? तुझं ताट वाढून ठेवलं होतं मी."