पुसलेला खांदा

एकाच दुपारी आमच्या संघटनेच्या दोन्ही गटांच्या पुढाऱ्यांचे फोन आले आणि दोघांनी एकच वेळ सांगितली. रविवारी संध्याकाळी पाच, शोकसभा. एकाची पेठेतल्या मंगल कार्यालयात, दुसऱ्याची बसस्टँडजवळच्या लॉनवर. खुर्च्या, माईक, हार, समई, सगळं नेहमीप्रमाणे माझ्याकडे. मी दोघांनाही विचारलं, "माणूस एक गेला, सभा दोन कशा?" उत्तरही दोघांचं एकच. "त्यायले सांगा ना ताई, आमी आधी जाहीर केली."

गेलेल्या माणसाला सगळा तालुका भाऊ म्हणायचा. आमच्या संघटनेतले ते सगळ्यांत जुने कार्यकर्ते. सतरंज्या घालणं, झेंडे बांधणं, बाहेरगावच्या वक्त्याला नांदुऱ्याच्या स्टेशनवरून घेऊन येणं ही त्यांची कामं. सभा सुरू झाली की हारांचं ताट धरून मंचाच्या कडेला उभे. मी महिला आघाडीत आले तेव्हा कामाची यादी कशी करायची हे त्यांनीच शिकवलं. आधी पाणी, मग सतरंज्या, मग माईक, आणि पुढारी सगळ्यांत शेवटी.

देव, देश आणि घर यांच्यासाठी आम्ही एकत्र आलो. मी हे आजही मानते, म्हणून तर संताप होतो. भांडण विचारांचं असतं तर समजून घेतलं असतं. ते सुरू झालं रामनवमीच्या रथावर कोण उभं राहणार यावरून. तेव्हापासून गावात दोन शोभायात्रा निघतात. एक पेठवाल्यांची, एक स्टँडवाल्यांची. दोन्हींचे भोंगे समोरासमोर आले की रामाचं नावसुद्धा ऐकू येत नाही.

भाऊ दोन्हीकडे राबत. सकाळी पेठेत पताका, दुपारी स्टँडवर रथाची सजावट. मग टोमणे. "काय भाऊ, आज उपमा इकडचा खाल्ला का तिकडचा?" भाऊ हसून म्हणत, "मी रामाचं काम करून राह्यलो बे, तुमचं नाही." पण दोन्ही गटांनी त्यांना बैठकांना बोलावणं बंद केलं. हा आपला नाही, असं दोघांचंही ठरलं होतं.

मेल्यावर मात्र ते दोघांचे झाले. नगरपालिकेची निवडणूक तोंडावर आहे. भाऊंना मानणारी घरं आमच्या वॉर्डात पुष्कळ. भाऊंच्या पत्नी, आमच्या वहिनी, ज्याच्या मंचावर बसतील, त्याच्या उमेदवाराकडे ती घरं वळणार. शोकसभा कसली, वहिनींची खुर्ची कुठे पडते याची ती लढाई होती.

शनिवारी सकाळी मी वहिनींकडे गेले, तर स्टँडवाल्यांचा पुढारी अंगणात बसलेला. सोबत श्रद्धांजलीचा फ्लेक्स, वहिनींना दाखवायला आणलेला. वर पुढाऱ्यांच्या फोटोंची रांग, खाली कोपऱ्यात भाऊ. सगळ्या जुन्या फोटोंमध्ये भाऊंचं ताट तेवढं दिसतं, चेहरा चौकटीबाहेर. चेहरा धड आलेला फोटो एकच, आणि त्यात पेठवाल्या पुढाऱ्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवलेला.

वहिनींनी फ्लेक्स जवळून पाहिला. मग म्हणाल्या, "ह्यायचा खांदा कुठी गेला?"

भाऊंची मान एका बाजूने सरळ मागच्या आभाळात गेली होती. विरोधी गटाचा हात नको म्हणून हात पुसायला सांगितला, आणि पुसणाऱ्याने खांद्यासकट पुसला. कोणाच्या लक्षातही आलं नाही. आपापले चेहरे सोडून त्यांनी काही पाहिलंच नसणार.

तेवढ्यात पेठवाला आत आला. फ्लेक्स पाहून त्याला आनंदच झाला. "पाहा वहिनी! माह्या हाताची एवढी आग होते यायले! आमच्या फ्लेक्सवर भाऊ अख्खे आहेत."

"हाव, अन् तुमचा हात भाऊंपेक्षा मोठा आहे," स्टँडवाला म्हणाला. "वहिनी, उद्या गाडी पाठवतो. तुमी फक्त येऊन बसा, बोलाचं काम आमचं. त्यायच्याकडे गेल्या त भाऊंच्या आत्म्याले त्रास होईन."

"आत्म्याले?" वहिनी म्हणाल्या. "जिवंतपणी चहाले नाही विचारलं तुमी. ताप असतानी ह्यायनं तुमचा रथ सजवला. आता आत्मा दिसून राह्यला तुमाले?"

"वहिनी, आमी काऊन..." स्टँडवाला म्हणू लागला.

"आयका. उद्या पाच वाजता सभा इथं, माह्या अंगणात. मंच नाही, माईक नाही. ह्यायच्याच सतरंज्या आहेत. ज्याले ह्यायची आठवण असन त्यानं खाली बसाव. अन् हा फोटो घेऊन जा. अर्धा माणूस मले नको."

दोघेही निघाले. फाटकाबाहेर एकमेकांना म्हणत होते, "तुह्यामुळे झालं बे हे." भांडत का होईना, पहिल्यांदाच एकत्र चालताना दिसले.

रविवारी मी दोन्हीकडच्या खुर्च्यांचा निरोप मंडपवाल्याला पाठवला नाही. अंगणात सतरंज्या घातल्या. मंडपवाला आला, माईकवाला आला, शेजारच्या विहारातली मंडळी आली. त्यांच्या जयंतीलाही भाऊ सतरंज्या देत, हे आमच्यातल्या बहुतेकांना तिथेच कळलं. दोन्ही गटांतले साधे कार्यकर्ते गळ्यातले गमछे खिशात घालून आले आणि मागे बसले. पुढारी आले नाहीत. त्यांच्या दोन्ही सभा दुसरीकडून खुर्च्या मागवून ठरल्या वेळी झाल्या. दोन्ही मंचांवर वहिनींसाठी रिकामी खुर्ची ठेवली, आणि दोन्हीकडे सांगितलं की वहिनींची तब्येत बरी नाही. वहिनी त्या वेळी आल्यागेल्याला चहा देत होत्या.

आता पुन्हा फोन सुरू झालेत. प्रचाराची सभा आहे, ताई, नियोजन करा. मी दोघांनाही सांगितलं आहे: पहिलं काम सतरंज्या. तुम्ही स्वतः येऊन घाला, मग पुढचं बघू. सतरंज्या वहिनींच्या पडवीत घडी करून ठेवल्या आहेत. अजून कोणी न्यायला आलेलं नाही.