जांभळीवरची पिशवी

कोरोना गेला. मास्कांची आम्ही तवा धरायची फडकी केली, सॅनिटायझरच्या बाटल्यांत खोबरेल भरलं. पण किस्से कुठं टाकायचे? ते माळ्यावरच्या गोवऱ्यांसारखे असतात. एक ओढायला जावं, तर चार अंगावर पडतात! मी काही शाळेची पायरी चढले नाही, त्यामुळं माझं सगळं डोक्यातच. नातीला म्हटलं, "मी बोलते, तू उतरव." ती म्हणाली, "आजी, खरं तेवढंच सांगायचं हां." म्हटलं, "अगं, खरंच एवढं हाय की खोट्याला जागा कुटं?"

आमचं गाव आंदर मावळात. एसटी मनाला आली तर येते, नाहीतर कामशेतपर्यंत पाय आहेतच. गावात आम्हा अकरा बायकांची इर्जिक आहे. इर्जिक म्हणजे भातलावणीला आज सगळ्या तुझ्या वावरात, उद्या सगळ्या माझ्या. मजुरी नाही, पैसा नाही. नुसती पाळी. हे सगळे किस्से त्या इर्जिकीच्या गोतावळ्यातलेच.

*

पहिला सरपंचाचा. लॉकडाऊन लागला तसा सरपंचभाऊंनी गावाच्या वाटेवर करवंदीच्या काट्यांचा झाप टाकला आणि दवंडी दिली, "भायेरनं येईल त्यो चौदा दिवस शाळेत ऱ्हाईल. नियम म्हंजी नियम!" झापाशी पहाऱ्याला पाळीपाळीनं बसायचं. त्या दिवशी पाळी होती गंगूची. गंगू माझी धाकटी जाऊ. काठी तिच्या हातात दिली तर ती देवालाही ओळख विचारेल.

सरपंचभाऊ सकाळी गुपचूप लोणावळ्याला गेले होते, तंबाखूचे पुडे आणायला. दुपारी परत आले तर झाप बंद!

"वहिनी, अवो मी हाय."

"तुमी कोन त्ये मला ठावं हाय. भायेरनं आलात का न्हाई, त्येवढं बोला."

"पर मीच नियम केलाय की!"

"मग तुमाला पाठ असंल. चला शाळंत!"

गेले बिचारे. सातवीत शाळा सोडलेला माणूस. चौदा दिवसांत एक खाडा नाही!

*

मग ते ॲप आलं. ते घेऊन आली कमल, आमची आशाताई. गावात गोळ्या वाटते, बाळंतिणींना दवाखान्यात नेते, ती. देवळापुढं सगळ्यांना लांब लांब बसवून तिनं सांगितलं, "हे फोनात घ्यायचं. तुमचा फोन दुसऱ्या कुणाच्या फोनजवळ आला की हे आपोआप लिहून ठेवतं. पुढं त्या माणसाला कोरोना निघाला, तर तुमचा हिरवा रंग जाऊन केशरी होतो."

झालं! कुणी म्हणालं, रंग बदलला की रात्रीत गाडी येते, माणूस नेते, परत आणत नाही. कुणी म्हणालं, जमिनीचा सातबारासुद्धा त्यात दिसतो. गंगू तर उभीच राहिली. "म्हंजी ह्ये आपल्यावर नजर ठिवनार?"

मी म्हटलं, "गंगे, आल्यापासनं सासूनं ठिवली. सासू गेली, आता सून ठिवती. सरकारनं ठिवली तर तुजं काय नवीन? त्ये निदान सैपाकाला नावं तरी ठिवीत न्हाई!"

गंगूला पटलं नाही. तिनं फोन नेऊन भाताच्या कणगीत पुरला. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे कमल दारात हजर. "काकी, फोन?"

"हरवला गं बाई."

तेवढ्यात कणगीतून ट्यँव ट्यँव सुरू झालं. गंगू म्हणाली, "उंदरं झाल्यात मेली."

कमल म्हणाली, "अगंबया! तुमच्याकडचे उंदीर गजर लावून झोपतात व्हय?"

*

धोंडूआबाचा फोन मात्र पहिल्याच दिवशी लाल झाला. केशरी नाही, एकदम लाल! धोंडूआबा गंगूच्या शेजारचा, वय सत्तर, गडी काटक. कमल धावत आली. "आबा, ताप आहे?"

"न्हाई."

"खोकला? दम लागतो?"

"न्हाई. सकाळीच डोंगरावर गुरं घालून आलो."

"मग ॲपनं विचारलं तेव्हा सगळ्याला 'हो' का म्हटलात?"

आबानं तिला शेजारी बसवलं आणि हळू आवाजात समजावलं, "पोरी, तू ल्हान हाईस. सरकार घरी यिऊन इचारतं, गॅस हाय का? न्हाई म्हटलं, गॅस दिला. संडास हाय का? न्हाई म्हटलं, संडास दिला. आता इचारतंय, खोकला हाय का? न्हाई म्हणून कसं चालंल? धाडून दिला म्हंजी?"

कमलचा अख्खा दिवस तो लाल रंग काढण्यात गेला.

*

आता लावणी आली. सरपंचभाऊ शाळेतून सुटले होते आणि नियमाचं वारं अजून अंगात होतं. रेशनच्या दुकानापुढं त्यांनी चुन्याचे चौकोन आखले होते, एका चौकोनात एक माणूस. तीच चुन्याची गोणी खांद्यावर घेऊन ते वावराच्या बांधावर आले. "बायांनो, लांब लांब हुभं ऱ्हायचं. चौकोन आखून देतो."

मी म्हटलं, "आखा की."

गुडघाभर चिखल! भाऊ उतरले, चुना टाकला, तो बुडाला. पुन्हा टाकला, पुन्हा बुडाला. तिसऱ्या वेळी भाऊच बसले. त्यांना आम्ही चौघींनी ओढून बाहेर काढलं. लांब राहायचं ते तिथंच राहिलं!

*

आणि आता जांभळीचा किस्सा. त्यासाठीच एवढं दळण दळलं.

आमच्या गावात फोनला रेंज नाही. रेंज फक्त खालच्या बांधावरच्या जांभळीच्या झाडाला. लावणीला जाताना चिखलात, पावसात फोन कोण नेणार? म्हणून सगळ्या बायका आपापला फोन खताच्या एका पिशवीत टाकायच्या आणि पिशवी जांभळीला टांगायच्या. दिवसभर टांगलेली. सांज झाली की जिचा तिनं काढून घ्यायचा. कोण मेलं, कोण जन्मलं, सगळं त्या पिशवीत येऊन पडायचं.

त्या रविवारी गंगूचा थोरला, संतोष, दुधाच्या टेम्पोत लपून गावात आला. लोणावळ्यात हॉटेलात स्वयंपाकी होता, हॉटेल बंद पडलं होतं. झापावर कुणाला कळलं नाही. कळलं फक्त मला, कारण माझी ओसरी रस्त्यावर आणि माझे डोळे उघडे. गुरुवारी त्याचा ताप फार चढला, कमलनं त्याला दवाखान्यात नेलं, आणि शुक्रवारी निकाल आला. कोरोना!

शनिवारी सकाळी इर्जिकीतल्या सगळ्या बायकांचे फोन केशरी. सगळ्यांचे! गावात नुसता हाहाकार. कुणी दारं लावली, कुणी कुलदैवताला नारळ बोलली. आणि लता माझ्या ओसरीवर येऊन रडायला लागली.

लता म्हणजे आमच्यातली सगळ्यात धाकटी. नवरा देहूरोडच्या डेपोत कामाला, तिकडंच अडकलेला. पदरात दोन पोरं आणि बारा गुंठे वावर. दहा जणींची लावणी झाली होती, पाळी फक्त लताची राहिली होती. रोपं उपटायला आलेली. आणखी चौदा दिवस थांबलं तर रोपं जून होऊन कांड्या धरणार. मग ती लावली काय आणि म्हशीला घातली काय! वर्षाचं भात गेलं.

"आजी, मी एकली किती लावू?"

"गप. अजून कुणी न्हाई म्हटलंय का?"

तेवढ्यात डॉक्टरांची जीप आली. सरकारी दवाखान्यातले, वयानं कोवळे, अंगावर पांढरा झगा, घामानं निथळत होते. हातात कागद. "या अकराही बायका चौदा दिवस घरात. कुणीही शेतावर जायचं नाही."

मी पुढं झाले. "साहेब, कागद काय म्हनतो?"

"आजी, हे ॲप सांगतंय. सोमवार ते गुरुवार, या सगळ्या बायका रोज आठ आठ तास संतोषच्या हातभर अंतरावर होत्या."

मला हसूच फुटलं. "आठ तास? अवो, त्येची बायकू बी नसती!"

डॉक्टर वैतागले. "मग फोन खोटं बोलतो का?"

"फोन खरं बोलतो. फोन व्हते की येका पिशवीत! मानसं कुटं व्हती त्ये मला इचारा."

त्यांना जांभळीपाशी नेऊन पिशवी दाखवली. डॉक्टर वर बघत राहिले. मग म्हणाले, "पण संतोषचा फोन पिशवीत आला कसा? तो तर घरात तापानं पडलेला."

आता ते कोण सांगणार? कारण सांगायचं म्हणजे नाव घ्यायचं, आणि नाव माझ्या जावेचं. गंगू माझ्याकडं बघत होती. तिचा पोरगा आधीच नेला होता, आता तिलाही नेतील, ही भीती तिच्या डोळ्यांत मला दिसत होती. पलीकडं लता उभी होती. आणि खरं सांगते, गंगूलाही दोन दिवस कणकण होती, हेही मला दिसत होतं. लपवून तिचं भलं होणार नव्हतं.

मी म्हटलं, "घ्या साहेब, लिवून घ्या. रईवारी संतोष टेम्पोत आला, पाठीमागं, दुधाच्या किटल्यांत. डायवर पुढं येकला. सोमवारपासनं त्यो वावराकडं फिरकला न्हाई. हाटेल कवा उघडनार त्येचा निरोप येनार व्हता, म्हणून गंगू त्येचा फोन आनि आपला फोन रोज पिशवीत टाकायची आनि बांधावरनंच माघारी जायची. चार दिवस ती चिखलात उतरली न्हाई, लेकाच्या उशाला बसलेली. आनि मंगळवारी तिन्हीसांजंला संतोष गोठ्याच्या मागं बिडी वडाया आला. धोंडूआबाबरूबर. येकच बिडी, दोघांत."

धोंडूआबा ओरडला, "मी न्हवतो!"

"निळा गमजा व्हता. ठसका लागला तवा तुमी संतोषच्या पाठीवर थापट्या दिल्या. तीन."

आबा खाली बघायला लागला. म्हणाला, "दोन."

डॉक्टरांनी तिथंच नाकात काड्या घालून सगळ्यांची तपासणी केली. बायका गंगूकडं बघेनात, गंगू माझ्याकडं बघेना. निकाल आला. इर्जिकीतल्या दहा जणी, एकीलाही काही नाही. कोरोना निघाला दोघांना. गंगूला आणि आबाला!

डॉक्टरांनी तो कागद घडी घालून खिशात टाकला. "आजी, तुमचं शिक्षण किती?"

"अंगठा."

"आणि हे सगळं लक्षात कसं राहतं?"

"साहेब, लिवता येत न्हाई, म्हणून."

*

गंगूला आणि आबाला शाळेत ठेवायचं ठरलं. आजार दोघांनाही बेताचाच होता. गंगू गाठोडं घेऊन निघाली, तर शाळेच्या दारात सरपंचभाऊ काठी घेऊन उभे. टाचा जोडून!

"या वहिनी. नियम म्हंजी नियम!"

गंगू तेव्हा पहिल्यांदा हसली. जाताना माझ्याकडं न बघताच म्हणाली, "फोन तेवढा झाडावर टांगायला सांग. संतोषचा निरोप यायचाय." मी ओळखलं, राग गेला.

*

दुसऱ्या दिवशी लताच्या वावरात इर्जिक! डॉक्टरांनी परवानगी दिली, पण अट घातली. तोंड बांधायचं, वावर सोडून कुठं जायचं नाही, आणि ते स्वतः बांधावर थांबणार. आले, सगळ्यांच्या कपाळावर ते तापाचं पिस्तूल धरलं, आणि मग खिशातला फोन काढून हवेत फिरवायला लागले.

"दवाखान्यातून फोन यायचाय. रेंज कुठं मिळेल?"

कमल म्हणाली, "सर, रेंज फक्त पिशवीत."

दिला त्यांनी फोन. कमलनं हातमोजे घालून गंगूचा फोन पिशवीत आधीच टांगला होता, त्याच पिशवीत डॉक्टरांचा टाकला. मग डॉक्टर उभे राहून कंटाळले. मी म्हटलं, "साहेब, हुभं ऱ्हान्यापरास येक रांग लावा." लावली! तीही पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, माझ्यापासून चार हात लांब. रांग अशी वाकडी, की तिथलं भात आलं तेव्हा लता लांबूनच दाखवायची, "त्ये बगा, डाक्टरांचं." पण दिवस मावळायच्या आत बारा गुंठे हिरवे झाले. एक रोप माघारी उरलं नाही. लतानं बांधावर बसून भाकरी खाल्ली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा पोरांवर ओरडली. तेव्हा मला बरं वाटलं.

मंगळवारी सकाळी डॉक्टरांची जीप पुन्हा आली. डॉक्टर उतरले ते थेट माझ्या ओसरीपुढं. दहा हात लांब उभे राहिले. चेहरा पडलेला, हातातला फोन माझ्याकडं धरलेला.

फोन केशरी!

"आजी, वरचे साहेब ऐकतच नाहीत. म्हणतात, कोरोनाच्या बाईशेजारी तू दिवसभर काय करत होतास? चौदा दिवस घरी बस."

"मग?"

"जरा जांभळीपाशी चला."

गेलो. डॉक्टरांनी फोन लावला, स्पीकर चालू केला, फोन दगडावर ठेवला आणि लांब जाऊन उभे राहिले. पलीकडून जाड आवाज आला, "हां, बोला. कोण साक्षीदार आहे?"

मी पदर खोचला, खाकरले आणि म्हटलं, "घ्या साहेब, लिवून घ्या."