वाकड्या दांड्यावर बसलेला डाव

शिकलेलं वाया जात नाही, असं कोणी म्हटलं की मी त्या माणसाच्या तोंडाकडे नुसती बघत राहते. एरवी मी गप्प बसणारी बाई नाही, आमच्या आळीत विचारा कोणालाही. पण यावर काय बोलणार? एक डाव शिकण्यात आमच्या ह्यांनी अख्खा हिवाळा घातला. कुस्तीतला नव्हे, व्हिडिओ गेममधला. हसा तुम्ही, मीही आधी हसलेच होते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. ह्यांची कापडगिरणी बंद पडली. लग्नाच्या आधीपासून हे तिथं मागावर होते. फाटकाला कुलूप लागलं तरी रोज सकाळी डबा घेऊन निघायचे. विचारलं तर म्हणायचे, "काम पाहून राहिलो." एक दिवस शेजारीण आली, पिठाची चाळणी मागायला म्हणून, आणि दारातच म्हणाली, "अवं, तुमचे हे सदरले, त्या व्हिडिओच्या दुकानात, पोट्ट्यांच्या मधात उभे राहून व्हिडिओ खेळून राहिले. माझ्या दिरानं पाहिलं. मिशीवाला एकटाच होता म्हणे तिथं."

मी चाळणी दिली आणि दार लावून घेतलं. हे आल्यावर मी भांडायच्याच तयारीत होते. पण ह्यांनी डबा ठेवला आणि स्वतःच सांगायला लागले. मारामारीचा खेळ आहे, पडद्यावर दोन माणसं. गुद्दे काय, लाथा काय, कोणीही मारतं. पण एक डाव असा आहे की तो बसला तर समोरचा उठत नाही. मशीनवरचा दांडा खाली दाबायचा, तसाच अर्धगोल फिरवत पुढं न्यायचा, आणि तो पुढं टेकायच्या आत बटण. मग आपला माणूस हवेत गिरकी घेऊन लाथ घालतो. "त्या मशीनवर कोणालेच नाही जमत," हे म्हणाले, "दांडा एका कोपऱ्यात अडकते ना." गिरणी बंद झाल्यापासून ह्यांच्या तोंडून एवढी वाक्यं सलग मी पहिल्यांदाच ऐकली. भांडण राहूनच गेलं.

मग घरातही तेच सुरू झालं. ज्वारीच्या डब्यात लाटणं उभं खुपसायचं आणि फिरवत बसायचं. मी म्हणायची, "अहो, पोळ्या करू द्या मले." तर म्हणायचे, "थांब वं, आत्ता बसला होता."

इकडे माझ्या भावाचं काटोलहून बोलावणं आलेलं होतं. संत्र्याच्या बाजारात त्याचं बस्तान बरं होतं. माल निवडून पेट्या भरून घ्यायला घरचा माणूस हवा, मृगाचा बहार फाल्गुनात उतरायला लागला की भाऊजींना पाठव, असं त्यानं सांगितलं होतं. दुसरं कुठूनही काही यायचं नव्हतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी विषय काढला की हे म्हणायचे, "एवढा डाव बसू दे. हे अर्धवट टाकून गेलो तर तिथंही अर्धवटच राहीन." मला ते पटलं. खरंच पटलं. वाटलं, एकदा का हाताला यश आलं की हा माणूस उठून उभा राहील.

आणि माघ सरता सरता हे एक दिवस घरी आले ते हसतच. "बसला. मनात आलं की बसते आता. उद्या तू चल, दाखवतो. मग परवाची काटोलची बस."

दुसऱ्या दिवशी मी लग्नाकार्यातलं लुगडं नेसून सदरला गेले. चिंचोळं दुकान, आत अंधार, कॉलेजातली पोरं. ह्यांना बघून सरकली, "या काका" म्हणाली, मला स्टूल दिलं. ह्यांनी दांडा धरला. आधी जरासा मागं ओढला, मग तळव्याचा धक्का देऊन फिरवला, तेच ते लाटण्यासारखं. पडद्यावरचा माणूस खाली बसला आणि मार खाऊन आडवा झाला. पुन्हा केलं. पुन्हा तसंच.

एक पोरगा समोसा खात होता. म्हणाला, "काका, काल तुम्ही गेल्यावर नवीन दांडा बसवला. आता कोणालेही जमते, पाहा." आणि एका हातानं त्यानं तो डाव करून दाखवला. दुसऱ्या हातात समोसा तसाच.

हे मालकाकडे वळले. "जुना कुठं हाय?"

"फेकला गा. बिघडलेला होता. रोज तर तुम्हीच खेळता, काहून नाही सांगितलं?"

त्याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण तिथं सांगण्यासारखं नव्हतं. गिरणीत माग बिघडला असं कोणी सांगत नसे. मेकॅनिक यायचा तेव्हा यायचा, तोवर माग बंद आणि दिवसाची मजुरीही बुडाली. म्हणून ही माणसं मागाची खोड हातात मुरवून घ्यायची. कुठला माग कुठं ढोसायचा, कुठं गुडघा लावायचा, ज्याचं त्याला माहीत. ह्यांनी इथंही तेच केलं. बिघाड शिकून घेतला, तोंडातून शब्द काढला नाही.

परतताना मी म्हटलं, "नवा दांडा तर सोपा आहे. चार दिवसांत येईल."

"पोट्ट्यांले सोपा," हे म्हणाले. "माझा हात वाकडा शिकला."

परवाची बस गेली. त्यानंतरच्याही गेल्या. बहार उतरायला लागला तसा भाऊ स्वतःच आला. चहा घेता घेता म्हणाला, "चला भाऊजी, संत्री तुमची वाट पाहून सडून राहिली."

हे म्हणाले, "नाही जमणार मले. आता नवीन शिकणं होत नाही."

"पेट्या भरायच्या आहेत, भाऊजी. त्यात शिकायचं काय?"

"तेच तर," हे म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

कोणी म्हणेल, तो हिवाळा तरी त्या माणसाचा बरा गेला, तेवढं काय कमी आहे. मीही बरीच वर्षं मनाला असंच सांगून पाहिलं. पण नाही पटत ते. तो डाव शिकले नसते तर हे रडतकढत का होईना, काटोलला गेले असते. आपल्याला अजून काही येतं, हे त्यांनी एकदा पाहिलं आणि तेही हातातून गेलं. त्यानंतर मी किती बोलले असेन, आणि माझं बोलणं तुम्हाला दिसतंच आहे. काही उपयोग झाला नाही.

भावाला सोडायला मी बस स्टँडपर्यंत गेले. काटोलची गाडी लागलेली होती. पायरीवर उभा राहून तो म्हणाला, "ताई, पुढच्या बहाराले विचारू का त्यांले?"

"नको," मी म्हटलं. "तू दुसरा माणूस पाहा."