माइकवरचा वीर जवान

शाल अंगावर होती. नारळ हातात होता. टाळ्या अजून थांबल्या नव्हत्या. तेवढ्यात मंडळाचे अध्यक्ष माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "मागचा संडास तुंबलाय. पाहुण्यांना जायचंय. तुला सवय आहे ना? जरा बघ."

मी म्हणालो, "जी साहब."

नुसतं म्हणून थांबलो असतो तर ठीक. सलाम ठोकायला हात वर नेला. हातात नारळ. तो खाडकन कपाळावर बसला. पुढच्या रांगेतले दोघं हसले. आयुष्यातला माझा एकमेव जाहीर सत्कार, आणि त्यात स्वतःच्याच कपाळावर नारळ फोडायला निघालेला मी.

ही पाचोऱ्याची गोष्ट. टेनिस बॉल क्रिकेटची फायनल होती. आमच्याकडे हल्ली फायनलच्या आधी एखाद्या माजी सैनिकाला मैदानात उभं करतात. शाल, श्रीफळ, फोटो, दोन घोषणा, मग नाणेफेक. अध्यक्ष म्हणजे कापसाच्या एका जिनिंगवाल्याचा मुलगा. वयाने माझ्यापेक्षा बराच लहान. सगळे त्याला दादा म्हणतात, मीही म्हणतो. माइकवर तो मला 'वीर जवान' म्हणाला. माइक बाजूला गेला की 'तू'.

मी फौजेत सफाईवाला होतो. आमची वस्ती नगरपालिकेच्या सफाई कामगारांची. बाप झाडू मारायचा, आजा त्याहून वाईट काम करायचा. मी ठरवलं, झाडू सोडायचा. पळत भरतीला गेलो, धापा टाकत पास झालो, आणि फौजेने माझ्या हातात झाडू दिला. फरक एवढाच की हा सरकारी होता, आणि तो मारायला मी दोन रात्री रेल्वेने गेलो होतो. सुट्टीत वर्दी घालून गल्लीतून छाती काढून चालायचो. लोक विचारायचे, "बॉर्डरवर असतोस ना?" मी मान हलवायचो. खोटं नव्हतंच ते. बॉर्डरवर माणसं असतात, म्हणजे संडासही असतात. बर्फात ते गोठतात, पहारीने फोडावे लागतात.

दादाला मी हे आधीच सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "ते माइकवर नको. सैनिक म्हणू. बरं दिसतं."

मला वाटलं, विसरला असेल. विसरला नव्हता.

तर मी गेलो. शाल दाराच्या खिळ्याला अडकवली, पँट वर दुमडली. बादली, बांबू, फिनेल. हात आपोआप चालत होते. बाहेर भोंग्यावर पाहुण्यांचं भाषण. "आपले जवान सीमेवर उभे आहेत, म्हणून आपण इथे निवांत खेळतोय." टाळ्या. मी आत. राग आला का? नाही. लाज वाटली का? तीही नाही. दाढ काढताना डॉक्टर सुई देतो आणि गाल लाकडाचा होतो, तसा मी सगळाच झालो होतो.

भाषण संपवून पाहुणे आले, नाकाला रुमाल. थोड्या वेळापूर्वी याच माणसाने माझ्या खांद्यावर शाल टाकली होती, माझा हात दोन्ही हातांत धरला होता. आता शाल खिळ्यावर होती. त्याने मला ओळखलं नाही.

"झालं का रे?" म्हणाला.

"झालं," मी म्हणालो.

घरी आलो. बायको धुळ्याकडची. घरात अहिराणी बोलते, आणि रागावली की फक्त अहिराणीच. शाल हातात घेऊन म्हणाली, "हाई वली कसाले शे?" ही ओली कशाला, म्हणून विचारत होती.

मी सगळं सांगितलं. नारळाचा किस्सा रंगवून सांगितला, हसेल म्हणून. हसली नाही.

"बठ्ठं गाव टाळ्या वाजाडी राहिंथं, आनि तुम्ही संडास धुई उनात?"

सगळं गाव टाळ्या वाजवत होतं आणि तुम्ही संडास धुऊन आलात, एवढंच. उठून स्वयंपाकाला लागली. मी तिथेच बसून राहिलो. गालातली सुई उतरायला लागते तेव्हा आधी मुंग्या येतात. तसं काहीतरी सुरू झालं. फौजेत ते काम मी नोकरी म्हणून केलं. पगार होता, वर्दी होती, माझ्या मागे एक युनिट होतं. मैदानावर मात्र मी ते जात म्हणून केलं. काम तेच. दादाला 'सवय' दिसली ती फौजेतली नव्हती. बापाची होती.

यंदा पुन्हा फायनल आली. मंडळाचे दोन कार्यकर्ते घरी आले. "काका, रविवारी सत्कार. वर्दी घाला, मेडल लावा."

"येतो ना. माइकवर काय सांगणार?"

"वीर जवान."

"सफाईवाला सांगा. फौजेत सफाईवाला होता, आणि त्याचा आम्ही सत्कार करतोय."

एक जण हसला. माझा स्वभावच असा, लोकांना माझं सगळंच गंमत वाटतं. मी हसलो नाही तेव्हा दुसऱ्याने दादाला फोन लावला आणि माझ्याकडे दिला.

"अरे, लोक हसतील," दादा म्हणाला. "मी तुझाच मान राखतोय."

"मग तो तुमच्याकडेच राहू द्या," मी म्हणालो. "आणि दादा, मला तुम्ही म्हणा."

मी फोन त्या पोराच्या हातात दिला. बायको दारात उभी होती. त्यांना जायला ती बाजूला झाली.

आता लोक विचारतात, मग मैदानावर जवानांचा सत्कार करूच नये का? करा. पण टाळ्या कशाला वाजवताय ते आधी माहीत असू द्या. फौजेत स्वयंपाकी असतो, न्हावी असतो, धोबी असतो, सफाईवाला असतो. त्याचं काम मोठ्याने सांगा, मग शाल टाका. सांगायची लाज वाटत असेल तर सरळ नाणेफेक करा आणि खेळ सुरू करा.

रविवारी मी जाणार आहे. साध्या शर्टात, लोकांत बसायला. राष्ट्रगीताला ताठ उभा राहीन. दुसऱ्या कुणाच्या सत्काराला सगळे उठतील, मी बसून राहीन. शेजारचा विचारेलच, "काका, उठत का नाही?"

तेव्हा मान हलवणार नाही. दोन रांगा पुढे ऐकू जाईल असं सांगेन की मी फौजेत होतो, सफाईवाला होतो, आणि या टाळ्या माझ्या नाहीत.